पहिल्या लक्षणापासून पहिल्या उपचारापर्यंत

तरुण वयातल्या मानसिक आजारांविषयी आपल्याकडे जे बोलले जाते ते बहुधा दोन टोकांचे असते. परीक्षेचा ताण, नैराश्य आणि समुपदेशन यांची चर्चा आता शाळा-महाविद्यालयांपर्यंत पोचली आहे, ही चांगलीच गोष्ट आहे. दुसऱ्या टोकाला, मनोरुग्णालयात वर्षानुवर्षे राहिलेल्या आणि घरी परत नेण्यास कोणी न येणाऱ्या रुग्णांच्या बातम्या अधूनमधून छापून येतात. या दोन्हींच्या मधला जो काळ, म्हणजे विशीतल्या मुलाला किंवा मुलीला पहिल्यांदा आवाज ऐकू येऊ लागतात, सारे जग आपल्याविरुद्ध कट करत आहे असा पक्का समज बसतो आणि घरातल्या कोणालाच काय चालले आहे ते उमगत नाही, त्या काळाविषयी मात्र फारसे कोणी बोलत नाही. सायकोसिसच्या, म्हणजे असे भास आणि भ्रम होऊन वास्तवाशी नाते तुटण्याच्या अवस्थेच्या, बाबतीत शासनाच्या, शिक्षणसंस्थांच्या आणि वैद्यकीय व्यवसायाच्या हातात सर्वाधिक काही असेल तर ते याच काळात आहे, असे माझे ठाम मत आहे. पहिले ठळक लक्षण दिसल्यापासून योग्य उपचार सुरू होईपर्यंत किती आठवडे गेले, हे प्रत्येक जिल्ह्याने मोजले पाहिजे, जाहीर केले पाहिजे आणि ते आठवडे कमी करून दाखवले पाहिजेत.

सायकोसिस हा एकच एक आजार नव्हे, ती एक अवस्था आहे. स्किझोफ्रेनियात ती येते, बायपोलर आजारातल्या उन्मादात येते, तीव्र नैराश्यात आणि गांजासारख्या नशेनंतर येते, बाळंतपणानंतरच्या पहिल्या काही आठवड्यांत येऊ शकते, आणि मेंदूचा दाह, अपस्मार किंवा थायरॉइडचा बिघाड हेही तिचे कारण असू शकते. तिची सुरुवात बहुतेकांमध्ये पंधरा ते तीस या वयात होते. बारावी, पदवी, पहिली नोकरी, लग्न असे आयुष्याचे सगळे मोठे टप्पे याच वयात येत असल्यामुळे आजाराने हिरावलेले एक वर्ष हे केवळ एक वर्ष राहत नाही, पुढचे सगळेच त्यामुळे मागे पडत जाते.

घरात हे कसे दिसते, ते शुभंकरांच्या, म्हणजे रुग्णांची काळजी घेणाऱ्या नातेवाइकांच्या स्वमदत गटात बसले की पुन्हापुन्हा ऐकू येते. मुलगा आधी अभ्यासात मागे पडतो, रात्र रात्र जागतो, आंघोळ टाळतो, मित्रांचे फोन घेईनासा होतो. या वयाची मुले अशी वागतातच असे म्हणून महिने निघून जातात. मग एक दिवस तो खिडकीच्या फटींना वर्तमानपत्राचे कागद चिकटवू लागतो, मोबाइलच्या कॅमेऱ्यावर चिकटपट्टी लावतो, ताटातला पहिला घास आईला खायला लावतो आणि मगच स्वतः जेवतो. शेजारच्या घरातला टीव्ही आपल्याविषयीच बोलतो, असे तो अगदी शांतपणे सांगतो. आता घर हादरते. कोणी म्हणते टेन्शन घेतले आहे, कोणी म्हणते संगत वाईट लागली, कोणी म्हणते बाहेरचे काहीतरी आहे. फॅमिली डॉक्टर झोपेची गोळी देतात, तिने चार रात्री झोप लागते आणि मूळ प्रश्न तिथेच राहतो. त्यानंतर देवर्षी, नवस, गाणगापूरची वारी, एखादे आयुर्वेदिक केंद्र, मग दुसऱ्या शहरातल्या मामाकडे हवापालट. मनोविकारतज्ज्ञाकडे हे कुटुंब पोचते तेव्हा कधी कधी दोन दिवाळ्या उलटून गेलेल्या असतात.

या दिरंगाईचे खापर अंधश्रद्धेवर फोडून मोकळे होण्याची आपल्याला सवय आहे. महाराष्ट्रात २०१३ साली जादूटोणाविरोधी कायदा झाला तो आवश्यकच होता. तमिळनाडूतील एरवाडी येथे ऑगस्ट २००१ मध्ये दर्ग्याच्या परिसरातल्या एका आश्रयस्थानाला आग लागून साखळदंडांनी बांधलेले २८ मनोरुग्ण जळून मेले, हे विसरता येण्यासारखे नाही. मारहाण, उपासमार आणि साखळ्या यांना कोणत्याही श्रद्धेच्या नावाखाली जागा असता कामा नये. परंतु कुटुंबे देवर्षीकडे का जातात, हा प्रश्न प्रामाणिकपणे विचारला तर उत्तर आपल्याच व्यवस्थेकडे बोट दाखवते. देवर्षी गावातच असतो. तो आजच भेटतो. सगळे सांगून होईपर्यंत तो ऐकून घेतो, आई-वडिलांच्या वाढवण्यात खोट काढत नाही आणि कुठल्याही कागदावर काही लिहून ठेवत नाही. याउलट मनोविकारतज्ज्ञ बहुधा जिल्ह्याच्या ठिकाणी असतात, तालुक्याला त्यांचा ठरलेला वार असतो, आणि तिथे गेल्याचे कळले तर मोठ्या बहिणीचे लग्न मोडेल ही भीती निराधार नसते. सरकारी सेवेचे नाव काढले की सामान्य माणसाच्या डोळ्यासमोर आजही येरवडा, ठाणे, नागपूर आणि रत्नागिरी ही चार मनोरुग्णालयेच येतात. ज्या मुलाला अजून कोणी वेडा म्हटलेले नाही त्याला घेऊन त्या दारात जायला कोणते आई-बाप सहजासहजी तयार होतील? तेव्हा दिरंगाईचा काही भाग घरात होतो हे खरेच, पण बराचसा भाग सेवा ज्या पद्धतीने मांडून ठेवल्या आहेत त्यातून होतो, आणि जे मांडणीतून झाले आहे ते मांडणी बदलून कमी करता येते.

ते कमी करता येते हे नॉर्वेतल्या रोगालँड परगण्यात दिसले आहे. तिथे १९९७ पासून काही वर्षे दोन गोष्टी एकाच वेळी केल्या गेल्या. वर्तमानपत्रे, रेडिओ, चित्रपटगृहे आणि शाळा यांतून सायकोसिसची सुरुवात कशी दिसते हे साध्या भाषेत सतत सांगितले गेले, आणि कोणीही, म्हणजे शिक्षक, आई-वडील किंवा स्वतः तो तरुण, फोन करू शकेल असे छोटे शोधपथक नेमले गेले. पथक लगेच भेटायला जाई. लक्षणे सुरू झाल्यापासून उपचारांपर्यंतचा मध्यक कालावधी, म्हणजे निम्म्या रुग्णांना ज्याहून कमी आणि निम्म्यांना ज्याहून जास्त वेळ लागला तो, तिथे पाच आठवड्यांवर आला, तर तुलनेसाठी निवडलेल्या ओस्लो आणि डेन्मार्कमधल्या रॉस्किल्ड भागांत तो सोळा आठवडे होता. दहा वर्षांनी याच रुग्णांना पुन्हा भेटून पाहिले तेव्हा रोगालँडमधले सुमारे ३१ टक्के पूर्णपणे सावरलेले होते आणि इतरत्र १५ टक्के. यातली मला सर्वांत महत्त्वाची वाटणारी गोष्ट पुढे आहे. लक्षणे आटोक्यात असण्याच्या बाबतीत दोन्ही गटांत फारसा फरक नव्हता. मोठा फरक होता तो नोकरी करण्यात. लवकर उपचारांनी जे वाचवले ते त्या माणसाचे कामाचे आणि स्वतःच्या पायावर उभे राहण्याचे आयुष्य. आणखी एक धडा असा की जाहिरात-मोहीम थांबवल्यावर विलंब पुन्हा वाढला. जागृतीचा एक सप्ताह साजरा करून भागत नाही हे त्यावरून कळते, आणि आपल्याकडे तर सगळी भिस्त सप्ताहांवरच आहे.

मेलबर्नमध्ये मनोविकारतज्ज्ञ पॅट्रिक मॅकगोरी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९२ मध्ये पहिल्या सायकोसिससाठी स्वतंत्र केंद्र सुरू केले, तेव्हापासून या विचाराला आकार आला. इंग्लंडने २०१६ मध्ये ते मुदतीच्या भाषेत मांडले: पहिल्यांदा सायकोसिस झालेल्यांपैकी किमान निम्म्यांचे शिफारशीनुसार उपचार दोन आठवड्यांच्या आत सुरू झालेच पाहिजेत. पुढे ते प्रमाण वाढवण्यात आले. अमेरिकेत २१ राज्यांतील ३४ केंद्रांवर झालेल्या मोठ्या अभ्यासाचे निष्कर्ष २०१५ मध्ये आले. त्यात समुपदेशन, कुटुंबाचे शिक्षण, नेमकी औषधे आणि शिक्षण-नोकरीसाठी मदत एकत्र देणाऱ्या पथकाकडचे रुग्ण नेहमीच्या उपचारांपेक्षा सरस ठरले, पण तो लाभ मुख्यतः लवकर आलेल्यांना झाला. त्या श्रीमंत देशातही मध्यक विलंब ७४ आठवड्यांचा निघाला, म्हणजे पैसा असला की हा प्रश्न आपोआप सुटतो असे नाही. या प्रयोगांच्या मर्यादाही मान्य केल्या पाहिजेत. डेन्मार्कमध्ये दोन वर्षांच्या विशेष सेवेने झालेला फायदा, सेवा संपल्यावर पाचव्या वर्षापर्यंत बराचसा विरून गेला. मग सेवा पाच वर्षे चालू ठेवून पाहिली तर डेन्मार्कमध्ये फारसा जास्त लाभ दिसला नाही, मॉन्ट्रियलमध्ये मात्र दिसला. किती वर्षे हा प्रश्न अजून मिटलेला नाही. विलंब कमी करावा की नाही, हा मात्र प्रश्नच उरलेला नाही.

‘त्यांच्याकडे जमते, आपल्याकडे कसे जमणार’ या आक्षेपाला उत्तर चेन्नईत मिळते. डॉ. शारदा मेनन यांनी १९८४ मध्ये स्थापन केलेल्या, स्किझोफ्रेनियावर काम करणाऱ्या ‘स्कार्फ’ या संस्थेने मॉन्ट्रियलच्या मॅकगिल विद्यापीठातील संशोधकांबरोबर दोन्ही शहरांत सारख्याच पद्धतीची लवकर उपचारांची सेवा चालवून तुलना केली. चेन्नईत कुटुंबांचा सहभाग कितीतरी अधिक होता, आणि ज्या लक्षणांवर औषधे फारशी चालत नाहीत, म्हणजे मलूलपणा, बोलणे कमी होणे, कशातच रस न उरणे, त्यांत चेन्नईचे तरुण दोन वर्षांनी अधिक सुधारलेले आढळले. रोज सकाळी मुलाला उठवणारी, औषधाची आठवण करणारी, त्याला दळण आणायला पाठवणारी आई ही आपल्याकडची फार मोठी उपचारशक्ती आहे. तिला कोणी काही शिकवत नाही, विचारत नाही, विश्रांती देत नाही, ही आपली चूक आहे. महाराष्ट्रातला पुरावाही आहे. सातारा, गोवा आणि तमिळनाडू या तीन ठिकाणी मिळून २८२ स्किझोफ्रेनियाग्रस्त व्यक्तींवर झालेला एक अभ्यास २०१४ मध्ये प्रसिद्ध झाला. दवाखान्यातील उपचारांना प्रशिक्षित स्थानिक कार्यकर्त्यांच्या घरभेटींची जोड दिली तर लक्षणे आणि अपंगत्व दोन्ही थोडी अधिक कमी होतात, असे त्यात दिसले. फरक माफक होता, परंतु तो अवघड रुग्णांमध्ये होता, कारण तिथे मुद्दाम जुना आजार असलेलेच घेतले होते. असेच कार्यकर्ते पहिल्या तीन महिन्यांतच घरी पोचले तर काय होईल, हे पाहण्याची हिंमत आपण अजून केलेली नाही.

आता त्या आक्षेपाकडे वळतो ज्याचे मला खरोखर वजन वाटते. लवकर ओळखण्याच्या उत्साहात प्रत्येक अबोल, चिडक्या, रात्री जागणाऱ्या मुलावर सायकोसिसचा शिक्का बसेल आणि गरज नसताना औषधे सुरू होतील, अशी भीती अनेक पालकांना आणि काही डॉक्टरांनाही वाटते. ही भीती खोटी नाही. म्हणूनच लवकर उपचार म्हणजे लवकर गोळी असा अर्थ मुळीच होता कामा नये. अभ्यासात मागे पडणे, एकटे राहणे एवढीच चिन्हे असतील तर नियमित भेटणे, झोप, ताण आणि नशा यांवर काम करणे आणि लक्ष ठेवणे एवढेच पुरेसे असते. भास आणि भ्रम स्पष्ट असतील तेव्हाच औषधाचा प्रश्न येतो, आणि तोही रक्ताच्या तपासण्या, थायरॉइड, गरज पडल्यास मेंदूची तपासणी झाल्यावर. निदानाचे मोठे नाव पहिल्याच दिवशी सांगण्याची घाई कशाला? ‘हा सायकोसिसचा पहिला झटका आहे, तो बरा होऊ शकतो, पुढे काय निघते ते आपण बरोबरीने पाहू’, एवढे खरे सांगितले तर कुटुंब घाबरून पळत नाही.

औषधांविषयीही असाच खरेपणा हवा. पहिल्या झटक्यात मेंदू कमी मात्रेलाही प्रतिसाद देतो, तरी मोठ्या मात्रांचे आणि दोन-तीन औषधांचे प्रिस्क्रिप्शन एकाच वेळी हाती पडते. मुलगा दिवसभर झोपतो, हात थरथरतात, काही महिन्यांत वजन वाढते आणि तो गोळ्या फेकून देतो. मग घरचे म्हणतात, ऐकत नाही. बावीस वर्षांच्या मुलाला अचानक पँट बसेनाशी होणे ही किरकोळ गोष्ट नाही, आणि ज्या डॉक्टरांनी वजन, साखर व कंबर मोजून औषध बदलले त्यांच्याकडे मुले टिकतात. ‘गोळ्या कधी बंद होतील?’ हा प्रश्न प्रत्येक घर विचारते. त्याचे उत्तर चुकवले जाते, ते द्यायला हवे: एका प्रसिद्ध पाठपुराव्यात पाच वर्षांत दहापैकी आठ जणांना आजार पुन्हा उलटला आणि औषध परस्पर थांबवणे हे त्यामागचे सर्वांत मोठे कारण होते, तरीही काहींना पुढे औषध कमी करता येते, ते डॉक्टरांच्या देखरेखीखाली, हळूहळू, आणि उलटण्याची पहिली खूण कोणती हे घरात सगळ्यांना ठाऊक असताना.

मुलींच्या बाबतीत विलंबाचे रूप वेगळे असते आणि ते अधिक क्रूर असते. मुलाचा आजार चारचौघांत येतो. मुलीचा घरात झाकला जातो. कॉलेज बंद होते, स्थळ बघितले जाते, ‘लग्न झाले की सुधारेल’ असे वडीलधारे सांगतात, आणि गोळ्या सासरी कळू नयेत म्हणून लग्नाच्या आठवड्यात बंद केल्या जातात. जागरण, दगदग, नवे घर आणि बंद झालेले औषध, आजार उलटायला याहून अधिक काय लागते? मग फसवणुकीचा आरोप, घटस्फोटाची नोटीस आणि माहेरचा परतीचा रस्ता. बाळंतपणानंतरच्या सायकोसिसचेही असेच होते. दर हजार बाळंतपणांमागे एक-दोघींना होणारा हा आजार अत्यंत तातडीचा असतो, पण वेळेवर उपचार झाले तर बहुतेकजणी उत्तम बऱ्या होतात. आशा कार्यकर्ती बाळंतिणीच्या घरी ठरलेल्या दिवशी जातेच. बाळाचे वजन पाहताना ‘बाई झोपते का, भलतेसलते बोलते का, बाळाविषयी काही विचित्र शंका घेते का’ हे तीन प्रश्न तिला विचारायला शिकवणे म्हणजे नवी यंत्रणा उभारणे नव्हे.

बरे होणे म्हणजे आवाज थांबणे, एवढ्यावर आपली व्यवस्था थांबते. शुभार्थी, म्हणजे ज्याला आजार झाला तो, स्वतः मात्र दुसरेच विचारतो: माझे वर्ष गेले, आता कॉलेज घेईल का? हजेरी ७५ टक्के भरली नाही म्हणून टर्म नाकारलेला, एटीकेटीच्या विषयांचे ओझे असलेला मुलगा प्राचार्यांच्या केबिनमध्ये वैद्यकीय दाखला घेऊन जातो तेव्हा दाखल्यावर मनोविकारतज्ज्ञाचा शिक्का आहे हे पाहून त्याला सहानुभूतीने सांगितले जाते की तू घरीच आराम कर. वास्तविक २०२० च्या शैक्षणिक धोरणाने मिळवलेले श्रेयांक जपून ठेवून शिक्षण थांबवण्याची आणि पुन्हा सुरू करण्याची सोय केली आहे, आणि २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने मानसिक आजारातून येणाऱ्या अपंगत्वालाही संरक्षण दिले आहे. परत येणाऱ्या विद्यार्थ्याला पहिल्या सत्रात कमी विषय, परीक्षेत थोडा जादा वेळ, वसतिगृहात ओळखीचा खोलीसोबती आणि बोलायला एक ठरलेला प्राध्यापक, एवढ्या चार गोष्टी विद्यापीठांनी परिपत्रकात लिहून काढल्या तर अनेकांचे पदवीचे शिक्षण वाचेल. सर्वोच्च न्यायालयाने २०२५ मध्ये शिक्षणसंस्थांना समुपदेशक नेमण्याविषयी जे निर्देश दिले, त्यांची अंमलबजावणी करताना त्या समुपदेशकाला सायकोसिसची सुरुवात ओळखता येते की नाही, हेही पाहिले पाहिजे. आवाज ऐकणाऱ्या मुलाला वेळेच्या नियोजनाचा सल्ला देऊन परत पाठवणे हाही विलंबच आहे.

कायद्याची कमतरता आपल्याकडे नाही. २०१७ चा मानसिक आरोग्य सेवा कायदा प्रत्येकाला सरकारी मानसिक आरोग्यसेवेचा हक्क देतो, आवश्यक औषधे सरकारी केंद्रांत मोफत असावीत असे सांगतो, आणि किमान सेवा जिल्ह्यात उपलब्ध नसेल तर जिल्ह्यातच अन्यत्र घेतलेल्या उपचारांचा खर्च सरकारने सोसावा असेही म्हणतो. विमा कंपन्यांनी मानसिक आजाराला शारीरिक आजारासारखेच वागवावे हेही त्यात आहे, पण बहुतेक पॉलिसी ओपीडीचा खर्च देत नाहीत आणि पहिल्या झटक्याचे चांगले उपचार बहुतांशी ओपीडीतच व्हायचे असतात. जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रम आहे, ऑक्टोबर २०२२ पासून टेली-मानस या सरकारच्या मानसिक आरोग्य दूरध्वनी सेवेचा १४४१६ हा क्रमांक आहे. नाही ते एवढेच की या सगळ्यांत पहिल्यांदा आजारी पडलेल्या तरुणासाठी वेगळी रांग नाही.

म्हणून मागणी साधी आहे. जिल्हा रुग्णालयाच्या केसपेपरवर दोन तारखांचे रकाने छापावेत: भास किंवा भ्रम पहिल्यांदा केव्हा दिसले, आणि उपचार केव्हा सुरू झाले. पंधरा ते तीस वयाच्या ज्या रुग्णाचा हा पहिलाच झटका आहे त्याला दोन आठवड्यांच्या आत मनोविकारतज्ज्ञ भेटावा, आणि त्यानंतर दोन वर्षे एकच नर्स किंवा सामाजिक कार्यकर्ता त्याच्या घरच्यांच्या संपर्कात राहावा. ही ओपीडी मनोरुग्णालयाच्या फाटकाआड नको, सामान्य रुग्णालयात किंवा किशोरवयीनांच्या मैत्री क्लिनिकशेजारी हवी. मनोविकारतज्ज्ञ थोडे आहेत ही सबब मला पटत नाही, कारण उशिरा आलेला आणि पुन्हापुन्हा दाखल होणारा रुग्ण तज्ज्ञाचा जितका वेळ घेतो तितका लवकर आलेला घेत नाही, आणि घरभेटी, कुटुंबाचे शिक्षण, कॉलेजशी बोलणे ही कामे तज्ज्ञाने करायचीच नसतात. राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षण २०१५-१६ मध्ये बारा राज्यांत झाले, त्यांत महाराष्ट्र नव्हता, त्यामुळे त्या सर्वेक्षणातून आपल्या राज्याचा स्वतःचा आकडा निघालाच नाही. केसपेपरवरच्या त्या दोन तारखांना नवी इमारत लागत नाही, नवे पद लागत नाही, आणि वर्षाअखेरीस प्रत्येक जिल्हा शल्यचिकित्सकाला विचारता येते की गेल्या वर्षी तुमच्याकडे आलेल्या मुलामुलींचे मधले किती आठवडे गेले आणि यंदा किती जातात.